लाल चौकट

खर्डी, ता. शहापूर
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस. आपल्या घरात कुणी कुणाला कागद लिहिल्याचं मला तरी आठवत नाय. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास, दाजींनी केला, मग मी करू तरी काय? रजिस्टर पोस्टानं पाठवतेय, पोचपावती लावून. पाकीट तू स्वतः घे. "द्या हिकडं, मी देतो तिला," असं दाजी पोस्टमनला म्हणतील, पण त्यांच्या हातात जाऊ देऊ नकोस. त्यांना जे वाचायचंय ते ग्राहक आयोगाकडून मिळतंच आहे.

आमी सगळे बरे आहोत. भात निघालं, आता खाचरात वाल आहेत, शेंगा धरल्यात. सासूबाईंची दाढ दुखते, पण काढायला तयार नायत. धम्मपालला गोदामात सुपरवायझर केलंय, त्यामुळं आता रोज इस्त्रीचा शर्ट लागतो आणि इस्त्री मी करते. मी शहापूरला झेरॉक्सच्या दुकानात जाते, दहा ते पाच. केसच्या कागदांच्या झेरॉक्स मीच काढते, तीन-तीन संच. मालक काय बोलत नायत. एकदा फक्त म्हणाले, "पोरी, हे रोज रोज वाचत जाऊ नको." मी वाचते.

आई वैशाखऱ्याहून येऊन आठवडाभर राहून गेली. गुडघा तसाच. जाताना एसटीत चढता चढता तिनं तुझा निरोप दिला, आपसात मिटवा म्हणून. आख्खा आठवडा पोटात ठेवला होता बिचारीनं. बस सुटायच्या वेळी बोलली, म्हणजे मला उत्तर द्यायला नको. "दोघी माझ्याच हाव ना गो," म्हणाली आणि खिडकीत तोंड फिरवून बसली. तिच्याकडून असले निरोप पाठवू नकोस. आधीच तिच्या पिशवीतून तू खूप काय काय पाठवलंयस.

तुझी तब्येत कशी आहे? चेहरा कसा आहे? तुझ्या हनुवटीवरचे ते मोठाले मुरूम पुन्हा आले नसतील. त्या गोळ्या चांगल्याच होत्या, नाय म्हणायला जीभ धजत नाय. माझा पण चेहरा अजून साफ आहे. आरशात बघितलं की वाटतं आरसाच फोडावा.

असो. तुझं प्रतिज्ञापत्र वाचलं.

वकीलबाईंनी मला ते टेबलावरून सरकवलं आणि स्वतः उठून पाण्याची बाटली भरायला गेल्या. मी वाचताना त्यांना समोर बसायचं नव्हतं, हे मला नंतर कळलं. "अर्जदार ही माझी सख्खी धाकटी बहीण असून ती वेळोवेळी आमचे घरी मुक्कामास येत असे. सदर कालावधीत तिने माझे कपाटातून माझे वापराच्या मुरुमांच्या गोळ्या मला न विचारता परस्पर घेतल्या असाव्यात." खाली तुझी सही. रत्नप्रभा मुकेश. 'र'ला शेपटी काढायची तुझी शाळेतली सवय अजून गेली नाय.

असाव्यात! वा गो वा. चोर म्हणायचं, पण हात झटकून म्हणायचं. मी तुझ्या कपाटाला हात लावणार? दिवाळीला तुझी साडी नेसायची म्हटलं तरी मी तीन वेळा विचारायचे. मला त्या दिवशी रडू आलं नाय, ताई. मी त्या कागदाची झेरॉक्स काढली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. अजून तिथंच आहे. भाड्याचे सुट्टे काढताना हाताला लागते.

तुला माहीतच आहे, माझी सुट्टी शुक्रवारची. दर शुक्रवारी दोन एसट्या बदलून मी टोकावड्याला येते आणि तुमच्या मेडिकलसमोरच्या थांब्यावर बसते. काय करत नाय. मांडीवर फाईल घेऊन बसते. मागच्या खोलीत तुझं शिलाई मशीन थांबतं ते मला रस्त्याच्या ह्या बाजूला ऐकू येतं. मग तू परदा ओढतेस. भाजीवाली बाईजा मला पाणी देते. पहिल्यांदा तिनं विचारलं, "पिंके, हिकडं कशी गो?" मी सगळं सांगितलं. जे विचारतं त्याला सांगते, आवाज न चढवता. आता तुमच्या दुकानापुढं चप्पल काढणारी माणसं मला बघून पुढच्या मेडिकलला जातात. औषध निरीक्षक येऊन रजिस्टर घेऊन गेले त्या दिवशी पण मी तिथंच होते. दाजींच्या कपाळावरचा घाम मी बघितला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, जेवण चार घास जास्त गेलं त्या दिवशी.

त्यांना दाजी म्हणायचं पण आता जिवावर येतं. सवय म्हणून लिहिते.

तू प्रतिज्ञापत्रात बऱ्याच गोष्टी विसरलीयस. मी आठवण करून देते.

माझा साखरपुडा झाला २०२३ च्या जानेवारीत. तोंडभर मुरूम. फोटोवाल्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "टेन्शन नका घेऊ, कॉम्प्युटरवर साफ करतो." आणि धम्मपालची कोण ती चुलती, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवून म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, पण हे काय गो तोंडावर? अंगातली उष्णता का काय?" मी मोरीत जाऊन रडले. तू मागून आलीस. पदरानं माझं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "रडतेस काय येड्यावानी. माझ्या गोळ्या हायत ना. दोन महिन्यांत माझं बघ कसं झालं. लग्नाला तुझा चेहरा असा करीन की ती चुलती बघत राहील."

मी विचारलं, डॉक्टरकडं जायला नको का? तू म्हणालीस, "कल्याणला जायचं, नंबर लावायचा, दिवस मोडायचा. चिठ्ठी माझ्याकडं हाय. दुकान आपलं हाय."

आपल्या घरात हे असंच चालतं ना गो. तुझा ब्लाउज मला, माझी चप्पल तुला, तापाची अर्धी बाटली शेजारी. एकाची चिठ्ठी सगळ्यांना. मला त्यात काय वावगं दिसलं नाय. उलट वाटलं, ताई आहे म्हणून आपल्याला काय कमी नाय.

पहिल्या महिन्याच्या पट्ट्या अख्ख्या होत्या. मागं लाल चौकट होती, तिच्यात इंग्रजी, आणि पोटुशा बाईचं छोटं चित्र, त्याच्यावर फुली. मी बारावी झालेली आहे, तेवढं इंग्रजी मला येतं. मी लगेच तुला फोन केला. तू "थांब" म्हणालीस आणि फोन दाजींना दिलास. दाजी हसले. "अगो, तापाच्या गोळीवर पण असलं छापतात. कंपनी आपली मान सोडवते. तुझं लग्न मे महिन्यात, तोवर कोर्स संपंल."

पुढच्या महिन्यापासून पट्ट्या कापून यायला लागल्या. नाव आणि लाल चौकट असलेलं टोक गायब. त्या टोकाच्या दोन गोळ्या सुट्ट्या, कागदाच्या पुडीत. मी म्हटलं, मेडिकलवाले कापूनच देतात. आणि खरं सांगू, ती चौकट दिसेनाशी झाली तसं मला बरंच वाटलं.

मे महिन्यात लग्न झालं. पांढऱ्या साडीत माझे फोटो बघून चुलतीच काय, सगळा खर्डी गाव म्हणाला, सून नक्षत्रासारखी आणली. जूनमध्ये कपाळावर दोन फोड आले. मी घाबरले. सासूबाई रोज सकाळी माझ्या तोंडाकडं कौतुकानं बघायच्या, ते बघणं जाईल असं वाटलं. तुला सांगितलं. आईच्या पिशवीत नाचणीच्या पापडांखाली पुडी आली. जुलैमध्ये परत एक. आईला वाटत होतं हाडांच्या गोळ्या आहेत. तिला अजून तसंच वाटतं. मी सांगितलेलं नाय आणि तू पण सांगू नकोस. एवढी एक गोष्ट मी तुझ्याकडं मागते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

परवा इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं लिहायला हात वळेना. आज दुकानातून अर्धा दिवस घेतलाय. सासूबाई शेंगा तोडायला गेल्यात.

ऑगस्टमध्ये दिवस गेल्याचं कळलं. पहिला फोन तुला केला, धम्मपालच्या पण आधी. मी आनंदानं ओरडत होते आणि तू गप्प. मला वाटलं रेंज गेली. मग तू विचारलंस, "गोळ्या चालू हायत?" मी म्हटलं परवापर्यंत घेतल्या. तू म्हणालीस, "बंद कर. आणि कुणाला बोलू नको."

कुणाला बोलू नको. हे तीन शब्द तुझ्या प्रतिज्ञापत्रात नायत.

आता माझी गोष्ट. ती मी वकीलबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या पक्षाचा वकील हे विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आशाताई नाव नोंदवायला घरी आल्या. कार्ड भरलं. त्यांनी विचारलं, "कुठली गोळी चालू होती का मागच्या दोन-तीन महिन्यांत? कसलीपण सांग, डोकेदुखीची असली तरी." सासूबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. नवी सून चोरून गोळ्या खाते म्हणजे ही माहेरून काय रोग घेऊन आली असं होणार. शिवाय तुझा शब्द कानात होता. मी म्हणाले, नाय. आशाताईंनी विचारलं, नक्की ना? मी म्हणाले, नक्की. त्यांनी चौकोनात बारीक फुली मारली.

तेव्हा खरं बोलले असते तर? वेळ होता. तेव्हा डॉक्टर काहीतरी करू शकले असते, मला मोकळं करू शकले असते. मला ठाऊक आहे ते. मी दुधाची धुतलेली नाय, ताई. माझी शिक्षा मला झालीय, आणि ती काय आयोगाच्या हुकमानं व्हायची नव्हती. राहिली तुझी.

सातव्या महिन्यात सोनोग्राफीवाल्यांनी डोकं मोठं वाटतं म्हणून पुढं पाठवलं. तोवर उशीर झाला होता. मार्चमध्ये मुलगी झाली. तू आली नाहीस. भाच्याची परीक्षा आहे म्हणालीस. पाचवीची परीक्षा.

मला आधी तिला दाखवलंच नाय. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं आणून दिली तेव्हा तिच्या डोक्यावर तू पाठवलेलं टोपडं होतं. फिकट पिवळं, कडेला पांढरी लेस, हनुवटीखाली बांधायच्या नाड्या. सिस्टर म्हणाली, "टोपडं काढू नको बाय, थंडी लागंल." मार्च महिन्यात खर्डीला कसली थंडी? मी नाडी सोडली.

तिला कान नव्हते.

एका बाजूला काहीच नव्हतं आणि दुसऱ्या बाजूला मटाराच्या दाण्याएवढं मांस. आतलं हृदय पण नीट नव्हतं, पण ते मला दिसत नव्हतं. कान दिसत होते. म्हणजे दिसत नव्हते. मी तिला हाक मारत राहिले, आणि ती माझ्या आवाजाकडं वळायची नाय. दुधाच्या वासानं वळायची. नऊ दिवस. बाराव्या दिवशी बारसं आणि कान टोचायचे, म्हणून सासूबाईंनी आधीच सोन्याच्या तारेच्या बाळ्या करून ठेवल्या होत्या. त्या अजून त्यांच्या ट्रंकेत आहेत, आमी कुणी त्यांच्याबद्दल बोलत नाय.

डॉक्टरीणबाईंनी धम्मपालसमोर विचारलं, सुरुवातीला मुरुमांच्या कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या का? त्यांनी नाव पण घेतलं. मला नाव माहीत नव्हतं. नावाचं टोक कापलेलं होतं ना! मी घरी येऊन माझ्या पेटीतून रिकाम्या पट्ट्यांचा डबा काढला. घरच्या कचऱ्यात टाकल्या तर सासूबाई बघतील म्हणून मी सगळ्या जपून ठेवल्या होत्या. माहेराहून पेटीतच आलेली, पहिल्या महिन्याची एक अख्खी निघाली. तिच्यावर तेच नाव. धम्मपालनं ती हातात धरली आणि माझ्याकडं न बघता तिच्यावरचं नाव एकेक अक्षर लावून वाचलं. त्यानं मला टाकलं नाय. एक दिवस पण वाकडं बोलला नाय. त्याच्या भलेपणाचा पण मला कधी कधी राग येतो.

मुलीला न्यायच्या वेळी तो म्हणाला, टोपडं राहू दे तिच्या डोक्यावर. मी काढून घेतलं. सगळे म्हणाले, वेडी झालीय. का काढलं ते माझं मला सांगता आलं नसतं. उघड्या डोक्यानं गेली माझी पोर.

पुढचं तुला माहीत आहे. केस टाकली ती दाजींच्या मेडिकलवर. कंपनीवर टाकू म्हणून मी हट्ट धरला होता, पण वकीलबाई म्हणाल्या, कंपनीनं लाल चौकट छापली होती, ती सुटणार. छापलेलं तुमच्यापर्यंत पोचू कुणी दिलं नाय, प्रश्न तो आहे. मी म्हटलं, दाजींनी. कापायचं काम त्यांचंच. आठ-नऊ महिने मी रोज त्यांच्या नावानं बोटं मोडली. दुकानाची पाटी उतरलेली बघायची, शटरला सील लागलेलं बघायचं, एवढंच डोक्यात. तुला मी मनातून बाजूला ठेवलं होतं, ताई. वाटायचं, नवऱ्यापुढं बिचारीचं काय चालणार. तिला कुठं काय माहीत असणार.

मग तुझ्या कल्याणच्या डॉक्टरांचा केसपेपर आयोगानं मागवला. त्यात तुझी तारीख आहे आणि खाली दोन ओळी आहेत. "कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया झालेली. गर्भावर होणाऱ्या गंभीर परिणामांची कल्पना दिली, रुग्णाची सही घेतली." शेजारी सही. 'र'ला शेपटी.

तर तुला माहीत होतं. डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलं होतं, की तुमचं ऑपरेशन झालंय म्हणून या गोळ्या देतोय, नायतर दिल्या नसत्या. तू ते ऐकलंस, सही केलीस, घरी आलीस. आणि दोन-तीन महिन्यांत, माझं लग्न ठरलेलं असताना, तीच चिठ्ठी माझ्यासाठी काढलीस. मी स्वतःला सांगत राहिले, ताईला वाटलं असेल लग्नाआधी कोर्स संपेल. विसरली असेल. माणूस विसरतं. जूनच्या आणि जुलैच्या पुड्या पण विसरून पाठवल्या असतील. तेवढं पण मी पोटात घातलं असतं बघ, तुझी शपथ.

पण तू मला चोर ठरवलंस. वकीलबाई म्हणाल्या, जे जे असेल ते सगळं घेऊन या. म्हणून गेल्या महिन्यात मी पेटी पुन्हा उघडली. डबा काढला. टोपडं त्याच पेटीत होतं. दोन्ही खाटेवर ठेवलं आणि कधी नाय ते नीट बघितलं.

कापलेल्या पट्ट्यांची कड सरळ नाय, ताई. दाते आहेत तिला. बारीक, एकसारखे. टोपड्याची शिवण मी उलटी केली. आतल्या कापडाच्या कडेला तसेच दाते. धागे सुटू नयेत म्हणून तू तुझ्या झिगझॅग कात्रीनं कापतेस ते. आणि टोपड्याच्या कडेला मध्येच एक दाता नाय, तिथं सपाट आहे. पट्टीवर पण तसंच, मध्येच एक सपाट. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. एकूण सात तुकडे, पाचांवर तीच खूण.

तो दात कुणी मोडला आठवतं? मी. सहावीत होते. शाळेचा कंदील करायला त्या कात्रीनं तार कापली. तू शिवणक्लासच्या पहिल्या कमाईतून उल्हासनगरवरून आणलेली कात्री. तू माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हतीस. त्यानंतर त्या कात्रीला तू कुणाला हात लावू दिला नाहीस, आईला नाय, दाजींना तर नायच नाय. लग्नात रुखवतात पण ठेवली नाहीस, स्वतःच्या पर्समध्ये घालून नेलीस.

दाजींची कात्री गल्ल्याजवळ दोरीनं बांधलेली असते. ते कापतात गिऱ्हाइकासमोर, सरळ. ह्या पट्ट्या मागच्या खोलीत कापल्यात. मशीनवर बसून. मी फोनवर लाल चौकटीचं विचारलं, तेव्हा तू फोन त्यांना दिलास आणि पुढच्या महिन्यापासून हाताला लागली ती कात्री उचललीस. मला दिसू नये म्हणून. मी घाबरून गोळ्या थांबवू नयेत म्हणून? का तू सांगितलेलं खोटं ठरू नये म्हणून? माझा चेहरा साफ करून तुला कुणाला दाखवायचं होतं गो? त्या चुलतीला?

आणि टोपडं. ते शिवताना तुझ्या मनात काय होतं? तुला कानांचं माहीत होतं का? डॉक्टरांनी तुला काय काय सांगितलं होतं? सगळीच टोपडी कान झाकतात, कळतं मला. तरी रोज हा प्रश्न माझ्या डोक्यात येतो, भाकरी थापताना येतो, झेरॉक्स काढताना येतो. तो आता तुझ्या डोक्यात येऊ दे.

२४ तारखेला आयोगानं तुला समोर बोलावलंय. समन्स तुला आठवड्याभरात मिळेल. वकीलबाई सात तुकडे आणि टोपडं तुझ्यासमोर ठेवतील आणि कात्री घेऊन यायला सांगतील. बाहेर मी उभी असेन. आई पण येणार म्हणते. तिला अजून माहीत नाय, ती कुणाच्या बाजूनं येतेय.

हे पत्र लिहिल्याचं वकीलबाईंना कळलं तर त्या माझी केस सोडतील. त्यांनी बजावून सांगितलंय, बहिणीला आधी कळू देऊ नका, बेसावध येऊ दे. मलापण तेच हवं होतं. महिनाभर मी झोपताना तुझा चेहरा बघत होते, कात्री मागितल्यावरचा. फार गोड लागायचं ते.

मग वाटलं, बेसावध तर मी होते. मला कुणी आधी सांगितलं नाय. तुला मी वीस दिवस आधी सांगतेय. हे वीस दिवस तू त्या मशीनवर बस, कात्री समोर ठेव आणि जेव. बघ घास उतरतो का. तुझ्यावर दया आली म्हणून सांगतेय असं समजू नकोस.

कागदाच्या पाठीमागं बघ. लाल पेनानं चौकट काढलीय. तुला जे सांगायची मला मनाई आहे ते सगळं त्यात लिहिलंय. किती वाजता यायचं, काय विचारणार, खोटं बोललीस तर काय होईल. आणि त्याआधी स्वतःहून खरं लिहून दिलंस तर काय होईल, ते पण लिहिलंय. मोठ्या अक्षरात. चष्मा लागायचा नाय.

वाच, नायतर काप. कात्री तुझ्याकडंच आहे.

तू प्रतिज्ञापत्रात लिहिलंयस तशी,
तुझी सख्खी धाकटी बहीण,
पिंकी